कमाई हलती, फाईल जागेवर

प्रश्न : मी तासांवर काम करते. नवऱ्याची कमाईही फेऱ्यांप्रमाणे कमी-जास्त होते. कमी उत्पन्नाच्या कष्टकरी कुटुंबांसाठी असलेल्या मदतीचा अर्ज करून 11 आठवडे झाले. विचारायला गेलं की उत्तर एकच, ‘प्रक्रियेत आहे’. दर खेपेला अर्धा दिवस बुडतो तो वेगळाच. आता जायचं तरी कशाला?

उत्तर : ताई, ‘प्रक्रियेत आहे’ हे मीही पुष्कळांना ऐकवलं आहे. अशाच एका कार्यालयात 22 वर्षं माझं टेबल होतं. निवृत्त झालोय, तेव्हा सांगायला हरकत नाही : बरेचदा त्याचा अर्थ ‘गठ्ठ्यात खालून तिसरी’ एवढाच असे.

दिवसाला किती अर्ज निकाली काढले याचा हिशेब आम्हाला द्यावा लागे. मग ठरलेल्या पगाराची फाईल आधी ओढायची, दहा मिनिटांत मोकळं. तुमच्यासारखी उघडली की एका आठवड्याचे 31 तास, पुढच्याचे 19, मधल्या एका पगारपावतीवर मालकाची सहीच नाही. ती बाजूला ठेवायची. मनात वाईट काही नसे, पण बाजूला गेलेली फाईल तिथेच राही. राबूनही भागत नाही त्यांच्यासाठी योजना, आणि राबण्याचे तास हलते म्हणून त्यांचीच फाईल किचकट! हे मला तेव्हाही खुपायचं. तरी गठ्ठा उलटा करून मी कधी बसलो नाही.

संगणक आल्यानं हे संपलं असं समजू नका. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिटची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी मासिक मदतीची, पहिली रक्कम हातात यायला साधारण 5 आठवडे लागतात. मधल्या काळात उचल मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. शिवाय पगाराची तारीख सुट्टीत आली आणि मालकानं तो दोन दिवस आधी दिला, की यंत्रणेला एकाच महिन्यात दोन पगार दिसायचे आणि मदत घटायची. चार एकल माता याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि 2020 मध्ये अपील न्यायालयात जिंकल्या. भारतातल्या रोजगार हमी कायद्याखाली मजुरी 15 दिवसांत द्यायची आणि उशीर झाला तर थकलेल्या रकमेवर रोज 0.05 टक्के भरपाई, अशी तरतूद होती. म्हणजे हजारामागे दिवसाला 50 पैसे. एवढ्यानं कुठल्या टेबलाला घाम फुटणार?

आता तुमचं. ‘पैसे कधी?’ हे विचारूच नका. ‘माझा अर्ज पूर्ण धरलाय का, आणि कोणत्या तारखेपासून?’ असं लेखी विचारा. पुष्कळ ठिकाणी मुदत मोजतात ती अर्ज पूर्ण झाल्यापासून, दिल्यापासून नाही. अपूर्ण म्हणाले तर नेमका कोणता कागद, तेही लेखी मागा.

आणि तुमची फाईल तुम्हीच सोपी करून द्या. एक बाई चौकटीच्या वहीचं पान घेऊन आल्या होत्या. प्रत्येक पगाराला एक ओळ : तारीख, तास, एकूण, कपात, हातात आलेले. पावत्या त्याच क्रमानं टाचलेल्या. एक पावती नव्हती, तिथे ‘मालकानं दिली नाही, बँकेतली नोंद सोबत’ असं लिहिलेलं. ती फाईल मी ठरलेल्या पगारवाल्यांच्याही आधी संपवली.

उचल देऊ केली तर फेडायची आहे का, ते सहीआधी विचारा. मधल्या काळात तास बदलले तर लगेच कळवा. नाहीतर जास्त गेलेले पैसे नंतर वसूल होतात, आणि त्या कामाला मात्र उशीर होत नाही.

तेव्हा एकदाच जा, तो तक्ता आणि पत्र घेऊन. पोच घेतल्यावर शिक्क्यातली तारीख वाचता येते का, ते खिडकीशीच पाहा. आमच्या शिक्क्याची शाई निम्म्या वेळा सुकलेली असायची.