ताई, टायपिंग बंद करा

प्रिय ताई,

तुमचं चार पानी पत्र मिळालं. त्यातली साडेतीन पानं धाकट्या भावावर आहेत. त्याच्या कादंबरीला पुरस्कार मिळाला, व्यासपीठावरून त्यानं बायकोचे, प्रकाशकाचे, मुखपृष्ठ करणाऱ्याचेसुद्धा आभार मानले आणि तुमचं नाव तेवढं राहिलं. त्या रात्री तुमचा डोळ्याला डोळा लागला नाही. मग कुठेतरी लेखिका एस्थर क्राइटमनविषयी वाचलंत आणि तुम्हाला वाटलं, ही तर मीच!

भावाचं राहू द्या. तिसऱ्या पानावर कंसात तुम्ही लिहिलंय, 'त्याची हस्तलिखितं गेली ११ वर्षं मीच टाइप करते. अधूनमधून एखादं वाक्य बदलते, त्याला कळतही नाही.' हातातला चहा खाली ठेवून मी ही ओळ पुन्हा वाचली. आणि ही तुम्ही कंसात घातलीत!

आता तुमच्या एस्थरबद्दल. तुम्ही तिची गोष्ट अर्ध्यावरच सोडलेली दिसते. १८९१ साली पोलंडमधल्या बिऊगोराय गावी जन्मलेली रब्बीची, म्हणजे ज्यू धर्मगुरूची मुलगी. पाठचे भाऊ इस्राएल जोशुआ आणि आयझॅक, दोघेही पुढे यिडिशमधले, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतले, नामवंत लेखक. आयझॅक बाशेविस सिंगरला तर १९७८ साली नोबेल मिळालं. मुलग्यांना धर्मग्रंथांचं शिक्षण, हिला घरकाम. १९१२ साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या एका हिरे कारागिराशी लग्न ठरलं. लग्नासाठी बर्लिनला निघाली तेव्हा सरहद्दीवर तपासणीत नसती आफत नको, म्हणून आईच्या सांगण्यावरून तिनं आपलं सगळं लिखाण फाडून टाकलं, असं सांगतात.

तुम्ही इथंच थांबलात. इथं रडायला बरं पडतं ना! पुढे काय झालं? दोन वर्षांत पहिलं महायुद्ध आलं, जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि तान्ह्या मुलाला घेऊन हे कुटुंब लंडनला पळालं. पैशांची ओढाताण कायमची. तिनं डिकन्स आणि शॉ यिडिशमध्ये आणले. म्हणजे दुसऱ्याची वाक्यं तिनंही घडवली, पण अनुवादक म्हणून, चोरून नव्हे. आणि १९३६ साली, पंचेचाळिशीत, तिची पहिली कादंबरी वॉर्सॉत छापली गेली, 'देर शेदीम तान्त्स', म्हणजे भुतांचा नाच. त्यातली रब्बीची मुलगी बापाला विचारते, मी मोठेपणी कोण होणार? बाप म्हणतो, तू? कोणीच नाही. दहा वर्षांनी ती कादंबरी इंग्रजीत आणली तिच्या मुलानंच.

मग १९४४ साली 'ब्रिल्यांटन', अँटवर्पच्या हिरेवाल्यांवर. लिखाणातून नवऱ्याचा धंदाही सोडला नाही बाईनं! ज्या वॉर्सॉत पहिलं पुस्तक निघालं, तिथले यिडिश वाचक तोवर नाझींच्या हातून मारले गेले होते. ही लंडनमध्ये बसून यिडिशमध्येच लिहीत होती. १९५४ साली वारली, तोवर एक कथासंग्रहही येऊन गेला होता.

तुम्ही ५२ वर्षांच्या. तुमचे कागद कुणी फाडले नाहीत, कारण तुम्ही कागद केलेच नाहीत. मला तुमची कीव येत नाही ताई, राग येतो. भावाचं वाक्य कुठं लंगडतंय हे ज्या बाईला टाइप करता करता कळतं, ती एका आभाराच्या ओळीसाठी रात्रभर जागते?

त्याचं नवं हस्तलिखित तुमच्या टेबलावर आलेलं आहे, असंही तुम्ही लिहिलंय. उद्या सकाळी ते पिशवीत घाला आणि त्याच्या घरी नेऊन द्या. 'दुसरा टायपिस्ट बघ' एवढंच बोला. भावजय चहाला थांबवेल, थांबू नका. पुरस्काराचा विषय काढू नका, तो काढलात की पुन्हा तुम्हीच टाइप करत बसाल. रात्री दहा ते बारा ही त्याची वेळ होती ना? त्याच वेळी, त्याच कीबोर्डवर, तुमचं पहिलं पान.

ते मला पाठवू नका, मी वाचणार नाही. पण तुम्ही बदललेलं एखादं वाक्य, आधी कसं होतं आणि तुम्ही कसं केलंत, ते मात्र कळवा. ११ वर्षांतलं एक तरी पाठ असेलच.