ऑनलाइन तासाला आठवीच्या मुलांना मूलभूत हक्क कसे शिकवावेत?

कलमांची यादी स्क्रीनवर लावलीत की मुलं कॅमेरा बंद करून पसार! मी ऐरोलीतून रविवारी असा तास घेते. सुरुवात महाडच्या चवदार तळ्यापासून. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथलं पाणी प्यायले, एवढं सांगायचं आणि संविधानातल्या कलम १५ चा, म्हणजे भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमाचा, दुसरा खंड मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यायचा. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट चक्क नावानिशी आहेत. परवा एक मुलगी म्हणाली, "ताई, म्हणजे हे तळ्यावरूनच आलं?" एकट्या तळ्यावरून नाही, म्हटलं, पण मग अर्धा तास कुणाचा माईक बंद होईना. संविधानाची मराठी पीडीएफ फुकट मिळते, ती आदल्या दिवशीच ग्रुपवर टाका. तास मात्र ४० मिनिटांवर ताणू नका, बऱ्याच घरांत मोबाइल एकच असतो.