ठाण्यात बाल्कनीतल्या गुलाबाला कळ्या लागल्यात, आता खत घालावं का?

घाला, पण बेतानं. या दिवसांत युरिया दिलात तर पानं तरारतात, कळ्या रुसतात.

माझी बाल्कनी घोडबंदर रोडला, सकाळचं ऊन. पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी, मग फेब्रुवारीपर्यंत दर 15 दिवसांनी मूठभर गांडूळखत, खोडापासून चार बोटं लांब, माती हलकी उकरून. मधल्या आठवड्यात पेंडीचं पाणी: मूठभर शेंगदाणा पेंड लिटरभर पाण्यात तीन दिवस भिजवायची आणि दहापट पाणी घालून कोऱ्या चहाइतकं पातळ करायचं. वास असा सुटतो की शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात.

रासायनिकच हवं तर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरभर पाण्याला दोन ग्रॅम, बस. कोरड्या मातीत कुठलंच खत नको, मुळं करपतात. आदल्या संध्याकाळी पाणी द्या.

आणि सुकलेलं फूल नुसतं देठाशी खुडू नका. खाली पाच पर्णिकांचं, म्हणजे एकाच देठावर पाच छोटी पानं असलेलं, पहिलं पान दिसेल, त्याच्या जरा वर तिरकं कापा. तिथल्याच डोळ्यातून नवा फुटवा येतो, त्यावर कळी. मार्चनंतर ऊन तापलं की खत आवरतं घ्या.