इन्फ्लमेशन म्हणजे जळजळ नव्हे हो!

फोंड्याच्या एका मास्तरांनी विचारलंय की ऑटोइम्युन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच हल्ला करते अशा, आजारांवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरांच्या भाषणाचं मराठी करतोय, तर 'इन्फ्लमेशन'ला जळजळ लिहू, दाह लिहू की शोथ? आणि 'ऑटोइम्युन'ला काय?

जळजळ तर अजिबात नको. जळजळ मिरचीने होते, पित्ताने होते. हल्ली जो तो 'शरीरातली जळजळ घालवा, हळद प्या' म्हणत सुटलाय, ते ऐकून माझ्याच छातीत जळजळ व्हायला लागलीय.

दाह चालेल, पण मला तो पटत नाही. मूळ लॅटिन शब्दात ज्वाळा आहे म्हणून आपणही आग शोधून आणली, एवढंच त्याचं भांडवल. पहिल्या शतकात केल्सस नावाच्या रोमन लेखकाने इन्फ्लमेशनच्या चार खुणा सांगितल्या, लाली, सूज, ऊब आणि ठणका, त्यातल्या सुजेला लॅटिनमध्ये चक्क 'ट्यूमर' म्हणतात. दाहात त्यातली फक्त ऊब येते. सुजेतही एकच येते म्हणाल, तर कुठल्याही डॉक्टरकडे जाऊन बसा, 'लिव्हरला सूज आहे', 'आतड्याला सूज आहे' असंच ऐकाल. बाहेरून काही दिसत नसतं तरी सूजच म्हणतात, आणि पेशंटला कळतं. मराठी विश्वकोशवाले 'दाहयुक्त सूज' लिहितात, म्हणजे दोन्ही पार्ट्यांना खूश ठेवायचं.

आता खरी गंमत. शोथ आणि सूज हे परके नाहीत, एकाच घरचे आहेत. संस्कृतात श्वि म्हणजे फुगणं, त्यातून श्वयथु, शोथ, आणि प्राकृतातून घसरत आलेलं आपलं सुजणं. त्याच धातूचं 'शून' म्हणजे सुजलेलं, आणि त्यावरून... शून्य! होय, गणितातलं शून्य आणि मावशीचं सुजलेलं बोट सख्खी भावंडं. पाणिनीय परंपरेतले पंडित शून्य शब्द श्वन् म्हणजे कुत्र्यावरून काढतात, कुत्र्याच्या हिताचं ते शून्य! व्याकरणाच्या नियमात बसत असेल, डोक्यात बसत नाही. फुगलेलं ते आतून पोकळ, हे कळायला पंडित कशाला हवा, सकाळी पोदेराकडून, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडून, गरम पोई (आमचा फुगीर गोल पाव) घ्या आणि मधोमध फाडा, बाहेरून टम्म, आत काही नाही, झालं शून्य. माझ्या मावशीला संधिवात होता, सकाळी उठली की बोटं इतकी सुजलेली असायची की चहाचा कप कानाने धरता येत नसे, दोन्ही तळव्यांत धरून प्यायची आणि म्हणायची, "बोटांच्या पोया झाल्यात बघ." तिला व्युत्पत्ती ठाऊक नव्हती, पण कुत्रं मधे आणलं नाही तिने.

हा संधिवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड, मास्तरांच्या विषयातलाच. लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलात फेल्डमन आणि मैनी या दोघांनी टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) नावाचं एकच प्रथिन अडवलं तर सगळी सूज खाली येते का ते 1992 मध्ये पेशंटवर करून बघितलं, आणि आली! त्याच वाटेने पुढे इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं बाजारात आली. टीएनएफमधला टी म्हणजे पुन्हा ट्यूमरच, पण इथे तो गाठीचा, कारण हे प्रथिन आधी उंदरांतल्या गाठी मारणारं म्हणून सापडलं होतं. बघा, सूज कुठूनही फिरून येते.

तर मास्तर, भाषणात सूज लिहा, शीर्षकात हवं तर शोथ लिहा, भावंडंच ती.

हां, ऑटोइम्युन राहिलंच. 'स्वयंप्रतिकार' म्हटलं की मला कराटेचा क्लास आठवतो. आणि 'प्रतिकारशक्तीचा आजार' लिहाल तर लोक समजतात शक्ती कमी पडली, आणि शेजारीण च्यवनप्राश घेऊन येते. इथे शक्ती कमी नाही, तिचा नेम चुकलाय. शरीर स्वतःवर असा हल्ला करणं टाळतंच असं एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या खुद्द एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाला वाटायचं, त्यालाच ते पटायला जड गेलं तर आपण एका शब्दात काय बसवणार. ऑटोइम्युनच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे लिहा, राखणदारच घरच्यांवर उलटला. फोंड्यात वेगळी टीप द्यावी लागणार नाही.