मोतीबिंदूचं ऑपरेशन बाथबाईंनी शोधलं का?

'मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉ. पॅट्रिशिया बाथ यांनी शोधलं' हा अमेरिकेतल्या या नेत्रतज्ज्ञ बाईंबद्दलचा फॉरवर्ड खरा का, असं विचारलंत. अर्धाच. मोतीबिंदूवरची शस्त्रक्रिया सुश्रुतसंहितेतही आहे. हल्लीचं 'फेको', म्हणजे गढूळ भिंग आतच फोडून बारीक चिरेतून ओढून घेणं, हे अमेरिकन डॉक्टर चार्ल्स केलमन यांचं, १९६७ चं, आणि ते लेझरवर नाही, अल्ट्रासाउंडवर चालतं. माझ्या आईचं झालं तेही तेच. घरी सगळे मात्र 'लेझरने केलं' असंच सांगत सुटले!

बाथबाईंचं लेझरफेको वेगळं. एकाच बारीक दांडीत तीन सोयी: लेझर नेणारा फायबर, पाणी सोडणारी नळी आणि चुरा ओढून घेणारी नळी. डोळ्याला जेमतेम एक मिलिमीटरची चीर द्यायची, लेझरने गढूळ भिंग फोडायचं, धुऊन ओढून घ्यायचं आणि रिकाम्या जागी कृत्रिम भिंग बसवायचं. कल्पना १९८१ ची, पेटंट मिळालं १९८८ मध्ये. मधल्या काळात त्यांना या प्रयोगांसाठी युरोप गाठावा लागला, बर्लिनपर्यंत.

पण मला विचाराल तर त्यांचं मोठं काम त्याआधीचं आहे. जन्म १९४२, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला. आई लोकांच्या घरी कामं करायची, आणि लेकीला केमिस्ट्री सेट तिनेच आणून दिला. १९६८ मध्ये डॉक्टर होऊन ही मुलगी हार्लेमच्याच हॉस्पिटलात आली. तिथल्या नेत्रविभागात निम्मे रुग्ण आंधळे नाहीतर अधू नजरेचे. कोलंबिया विद्यापीठाच्या दवाखान्यात असे फारच थोडे. दोन्हीकडे काम केल्यामुळे हा फरक तिच्या नजरेत भरला. आकडे जमवले तर कृष्णवर्णीयांत अंधत्व गोऱ्यांच्या दुप्पट निघालं. हार्लेममध्ये तेव्हा डोळ्यांची ऑपरेशनंच होत नव्हती. बाईंनी कोलंबियातल्या आपल्या प्राध्यापकांना गळ घातली आणि ती हार्लेममध्ये फुकट सुरू करवली. दवाखान्याची पायरी न चढणाऱ्यांपर्यंत जाऊन डोळे तपासायचे, ही 'कम्युनिटी ऑफ्थॅल्मॉलॉजी' त्यातूनच आली. आपल्याकडे शाळेत नाहीतर देवळाच्या सभामंडपात भरणारं नेत्रशिबिर आठवा, म्हणजे कल्पना येईल.

१९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात बाथबाई नेत्रविभागातल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. बसायला जागा दिली तळघरात, प्रयोगाच्या प्राण्यांशेजारी. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ही जागा चालणार नाही एवढं सांगितलं आणि दुसरी मिळवली.

२०१९ मध्ये त्या गेल्या. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे संशोधकांच्या मानाच्या यादीत, नाव लागलं २०२२ साली. तेव्हा फॉरवर्डमध्ये 'ऑपरेशन' खोडून 'लेझरफेको' लिहा, आणि जागा उरली तर हार्लेमचंही घाला.