कापसाचे भाव ठेवलेलं सिंगलटन बीन लिलावाच्या वेळी का अडकतं?

लॉकमुळे. जकार्ता ईई (जावातल्या सर्व्हर-प्रोग्रामसाठीची चौकट) मधल्या सिंगलटनमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी एकच असलेल्या ऑब्जेक्टमध्ये, वेगळं काही सांगितलं नाही तर प्रत्येक मेथडला राइट लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत घेणारं कुलूप, असतो. हिंगणघाट, आर्वीकडचे शेतकरी एकाच वेळी भाव पाहायला आले की एकेकाचीच विनंती आत सोडली जाते.

भाव वाचणाऱ्या मेथडवर @लॉक(रीड) लावा, म्हणजे वाचणारे अनेकजण एकाच वेळी आत येतील. बदलणारी राइटच राहू द्या. डेटाबेसची क्वेरी मात्र दुसऱ्या बीनमध्ये चालवा आणि तयार मॅप (भावांची यादी) सिंगलटनला द्या. राइट मेथडच्या आतच चालवलेली क्वेरी रेंगाळली, तर ती संपेपर्यंत वाचणारे सगळे ताटकळतात. आतला हॅशमॅप थेट परत देऊ नका, मॅप.कॉपीऑफने केलेली, न बदलता येणारी प्रत द्या, नाहीतर लॉकबाहेर कोणीही त्यात फेरफार करेल.

दोन सर्व्हर असतील तर प्रत्येक जेव्हीएमचं (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेचं) सिंगलटन वेगळं, म्हणून एकावर कालचा भाव दिसतो. नॉन-पर्सिस्टंट @शेड्यूल (प्रत्येक सर्व्हरवर आपापला चालणारा टायमर) वापरून दोन्हीकडे दर मिनिटाला डेटाबेसमधून ताजे भाव उचला.