मुलगा हुशार आहे, पण व्यवहारात कच्चा आहे

गोव्यातील फोंडा परिसरातील पालक समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक काळजी वारंवार बोलून दाखवतात. मुलाला गुण चांगले पडतात, तो मोठ्यांना मान देतो, त्याला कसले व्यसन नाही. परंतु तो इतका भोळा आहे की बाहेरच्या जगात कुणीही त्याला सहज गंडवेल, असे त्यांचे म्हणणे असते. ही काळजी निराधार नाही आणि तिच्यावर उपायही आहे. तो कसा, हे एका प्रकरणाच्या आधारे सांगते. कुटुंबाची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील मी बदलले आहेत.

मुलगा बावीस वर्षांचा, नुकताच अभियंता झालेला. घरातील जुने टेबल विकण्यासाठी त्याने ऑनलाइन जाहिरात दिली होती. आपण सैन्यात अधिकारी असून वास्कोला बदली झाली आहे, असे सांगणाऱ्या एका माणसाचा फोन आला. त्याने टेबल न पाहताच पसंत केले, घासाघीस केली नाही आणि लगेच एक क्यूआर कोड पाठवून सांगितले, की हा स्कॅन करून पिन टाकला की पैसे खात्यात जमा होतील. पैसे जमा होण्याऐवजी गेले. ‘चूक झाली, परत करतो’ असे म्हणत त्याने आणखी दोनदा तेच करून घेतले.

वडिलांचा संताप एकाच प्रश्नात साठला होता : “एवढा शिकलेला, आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही हे कळू नये?”

मी मुलाला तो फोन सुरुवातीपासून, काही न गाळता सांगायला लावला. तेव्हा जे बाहेर आले ते वडिलांना ठाऊक नव्हते. पिनचा विषय निघताच त्याला शंका आली होती आणि ती त्याने बोलूनही दाखवली होती. त्यावर पलीकडचा माणूस चिडून म्हणाला, “आम्ही देशासाठी उभे राहतो आणि तुम्ही आमच्यावर संशय घेता?” मुलगा मला म्हणाला, “मॅडम, मला लाज वाटली. वाटले, आपण उद्धटपणा करतो आहोत.” म्हणजे त्याच्याकडे माहिती होती, लक्षही होते, परंतु मोठ्या आवाजात बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला ‘थांबा’ म्हणण्याची सवय नव्हती. माझ्या अनुभवात फसवल्या गेलेल्या अनेक सुशिक्षित तरुणांची अडचण नेमकी येथेच असते. आपण मुलांना नम्रता शिकवताना नकळत मुकाट्याने ऐकणे शिकवतो, आणि फसवणाऱ्याला तेवढेच हवे असते.

“मग त्याला लबाडी शिकवायची का?” आईंनी अतिशय कळकळीने विचारले. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण अनेक सज्जन कुटुंबे याच भीतीने मुलांना व्यवहारापासून दूर ठेवतात. लबाड माणसाला दुसऱ्याचे नुकसान करायचे असते. व्यवहारी माणसाला समोरच्याचा हेतू ओळखून आपले नुकसान टाळायचे असते. दुसरी गोष्ट पहिलीशिवाय उत्तम साधते.

ही समज जन्मजात असते, असेही वडिलांना वाटत होते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८५ साली मांडलेल्या सिद्धान्तात व्यावहारिक बुद्धी ही विश्लेषक बुद्धीपासून वेगळी मानली आहे, आणि ही बुद्धी बव्हंशी प्रत्यक्ष वावरातून, कुणी न शिकवता मिळणाऱ्या ज्ञानावर चालते. त्याच वर्षी ब्राझीलमधील रेसिफे शहरातील पाच बालविक्रेत्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ ते पंधरा वर्षांची ही मुले आपल्या विक्रीच्या जागी सुमारे ९८ टक्के हिशेब अचूक करत. तीच गणिते कागदावर, संदर्भाविना दिली की हे प्रमाण ३७ टक्क्यांवर येई. आमच्या या मुलाचे अगदी उलटे झाले होते. घरी वीजबिल, बँक, बाजार सारे वडील पाहत. दारात येणाऱ्या पोदेराकडून पाव घेऊन सुटे पैसे मोजून घेण्याचे कामसुद्धा त्याच्याकडे कधी आले नव्हते.

चतुर्थी जवळ आली होती. मी त्याला माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीच्या, सामानाच्या बाजारात पाठवले, परंतु पहिल्या फेरीत काहीही विकत न घेण्याच्या अटीवर. ठिकठिकाणी भाव विचारायचा, नीट ऐकायचे आणि ‘आता नको, फिरून येतो’ असे सांगून पुढे जायचे. ही अट त्याला फार जड गेली. पहिल्याच ठिकाणी त्याचा हात खिशाकडे गेला होता, असे त्याने सांगितले. परंतु दोन-तीन नकारांनंतर त्याच्या लक्षात आले, की विक्रेत्या बायका रागावत नाहीत. नकार हा त्यांच्या दिवसाचाच भाग आहे. मग त्याला आणखी दिसू लागले : नारळाच्या पेंडी आणि सुपारीचे घड यांचा रस्त्याच्या तोंडाशी एक भाव, आत वेगळा, चिबूड वरून सुंदर, पण देठाशी मऊ पडलेला. एका म्हाताऱ्या बाईने स्वतःच्याच राशीतला एक नारळ कानाशी हलवून “हा नको, दुसरा घे” असे सांगितले. दुसऱ्या फेरीत त्याने तिच्याकडूनच, भाव न पाडता, खरेदी केली. कुणाशी घासाघीस करायची नाही हे त्याला कळले, याचा मला सर्वांत अधिक आनंद झाला.

फोनसाठी आम्ही एकच वाक्य पक्के केले : “मी घरी विचारून दहा मिनिटांनी फोन करतो.” खरा ग्राहक थांबतो, फसवणारा थांबू देत नाही, कारण घाई हेच त्याचे हत्यार असते. पोलीस असल्याचे सांगून ‘डिजिटल अटक’ झाल्याची भीती घालणाऱ्यांनाही हेच लागू पडते. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर लाजेखातर दिवस न दवडता १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच असते. या मुलाने घरी सांगायलाच आठवडा घेतला होता.

वडिलांचे काम त्याहून अवघड होते. जमिनीच्या एक-चौदाच्या (गोव्यातील जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर नाव चढवण्यासाठी म्युटेशनची, म्हणजे फेरफाराची, चौकशी करायची होती, आणि ती मुलाने एकट्याने करावी असे आम्ही ठरवले. सर्व्हे क्रमांक घेऊन तो मामलेदार कार्यालयात गेला, परंतु उपविभागाचा क्रमांक नसल्याने परत आला. दुसऱ्या खेपेला कोणते कागद लागतात ते त्याने तेथेच विचारून वहीत लिहून घेतले. “तेथे माझ्या ओळखीचे आहेत, एका फोनवर काम झाले असते,” वडील काहीशा नाराजीने मला म्हणाले. तो फोन त्यांनी केला नव्हता. म्युटेशनचा अर्जही मुलालाच भरू द्यावा आणि त्याने विचारल्याशिवाय त्यात हात घालू नये, अशी मी त्यांना विनंती केली आहे.